चिनी जेडची प्राचीन ड्रॅगन-पदकं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या चिनी जेडविषयी लोक विचारतात ते बहुतेक दोनच गोष्टींबद्दल: "घातलं तर लाभतं का?" आणि "ऑनलाइन घेतलंय, अस्सल आहे का?" दोन्हींची उत्तरं खाली आहेत. पण त्याआधी या वस्तू मुळात कशासाठी घडवल्या गेल्या हे कळलं, तर निम्मे प्रश्न आपोआप मिटतात. ड्रॅगनचं तोंड सगळेच बघतात. दोरा ओवायचं भोक मात्र फारसं कुणी बघत नाही, आणि माझ्या मते या पदकांची खरी ओळख तिथेच आहे.

जेड म्हणजे नेमका कुठला दगड?

एकाच नावाखाली दोन वेगळी खनिजं विकली जातात: नेफ्राइट आणि जेडाइट. दिसायला ती जवळची वाटली तरी त्यांची रासायनिक घडण पार वेगळी आहे. हा फरक फ्रेंच खनिजतज्ज्ञ अलेक्सी दामूर यांनी १८६३ मध्ये दाखवून दिला. प्राचीन चीनमधलं जेड म्हणजे नेफ्राइट. दागिन्यांच्या दुकानात दिसणारं पाचूसारखं हिरवंगार जेडाइट ब्रह्मदेशातून येतं, आणि चीनमध्ये ते मोठ्या प्रमाणावर पोचलं अठराव्या शतकात. त्यामुळे "हान काळातलं", म्हणजे दोनेक हजार वर्षांपूर्वीचं, "जेडाइटचं पदक" असं कुणी सांगू लागलं, की पुढचं ऐकायची गरज नाही.

नेफ्राइटची कठिणता मोहस मापावर ६ ते ६.५, म्हणजे साध्या चाकूच्या पात्याहून थोडी जास्त. पण त्याची खरी ताकद चिवटपणात आहे. त्याचे सूक्ष्म तंतू घोंगडीतल्या लोकरीसारखे एकमेकांत गुंतलेले असतात. हिरा हातोडीच्या एका फटक्यात दुभंगू शकतो, नेफ्राइट सहजी फुटत नाही. म्हणून तर त्यातून काडीएवढ्या जाडीची वळणं काढता आली आणि ती अडीच-तीन हजार वर्षं टिकली.

सगळं जेड हिरवंच असतं का?

नाही. पांढरं, पिवळसर, राखाडी, तपकिरी, काळं, सगळं मिळतं. चिनी रसिकांनी सर्वांत वर मान दिला तो मेंढीच्या चरबीसारख्या स्निग्ध पांढऱ्या जेडला. ते आजच्या चीनच्या पार पश्चिमेला असलेल्या खोतानच्या नद्यांतून यायचं. तिथल्या युरुंगकाश नदीच्या नावाचा अर्थच "पांढरं जेड" आणि शेजारच्या काराकाशचा "काळं जेड". मुघल बादशहांचे जेडचे प्याले आणि खंजिरांच्या मुठी घडल्या, त्यांचाही बराच कच्चा माल याच भागातला.

लोखंड नव्हतं तेव्हा इतका कठीण दगड कोरला कसा?

खरं तर कोरलाच नाही, घासला. जेडवर छिन्नी चालत नाही. कारागीर जेडहून कठीण असलेली वाळू पाण्यात कालवायचे आणि ती वाळू दगडावर फिरवत राहायचे. आधी गारेची (क्वार्ट्झची), पुढे गार्नेटची, त्यानंतर कुरुंदाची. कापणारी वाळूच, हत्यार फक्त तिला फिरवायला. दगडाचे तुकडे करायला ओली वाळू लावलेला दोरा पुढे-मागे ओढायचे. दोरा मधे झोल खातो, त्यामुळे नवाश्मयुगीन जेडच्या मागच्या बाजूला कमानदार चरे राहिलेले आजही दिसतात. भोकासाठी बांबूची किंवा हाडाची पोकळ नळी वाळूवर गरागरा फिरवायची. पुढे फिरत्या चकत्या आल्या, झोउ राजवटीच्या (इ.स.पू. अकरावं ते तिसरं शतक) उत्तरार्धात लोखंडाची अवजारं आली आणि रेघ बारीक झाली. पण तत्त्व तेच राहिलं.

आता त्या भोकाकडे बघा. एका बाजूने पार आरपार जायचं म्हटलं, तर नळी बाहेर पडताना कडेचा टवका उडण्याची भीती. म्हणून कारागीर निम्मं भोक एका बाजूने आणि निम्मं दुसऱ्या बाजूने पाडायचे. दोन्ही तोंडं रुंद, मध्य अरुंद, आणि आत जिथे दोन्ही भोकं भेटतात तिथे एक बारीकशी कड. कधी कधी दोन्हींचा नेम किंचित चुकलेलाही असतो. वर्षानुवर्षं दोरा घासून भोकाची एक बाजू गुळगुळीत झालेली असते, आणि ती बाजू कुठली हे बघून पदक कसं लटकत होतं ते कळतं. आतून सरळसोट, एकाच मापाचं भोक दिसलं, तर ते यंत्राचं असण्याची शक्यता दाट.

सर्वांत जुना जेडचा ड्रॅगन कुठला?

जेड घासायची कला चीनच्या ईशान्येला इ.स.पू. सहाव्या सहस्रकातच होती. तिथल्या शिंगलोंगवा संस्कृतीच्या दफनांत जेडच्या फट असलेल्या कड्या मिळाल्या आहेत. पण ड्रॅगनचा ठसठशीत आकार येतो तो होंगशान संस्कृतीत. ही आजच्या लियाओनिंग प्रांतात आणि आंतर्मंगोलियात, ढोबळमानाने इ.स.पू. ४५०० ते ३००० या काळात नांदली.

तिथला सर्वांत प्रसिद्ध नमुना १९७१ मध्ये आंतर्मंगोलियातल्या सानशिंगताला गावी एका शेतकऱ्याला जमिनीत मिळाला. घरच्या पोराने तो दोरीला बांधून खेळणं म्हणून फरफटवला आणि माती झडून आतलं हिरवं उघडं पडलं, असं सांगतात. वस्तू स्थानिक सांस्कृतिक कार्यालयात गेली, तरी तिचं मोल लगेच कुणाला कळलं नाही. १९८०च्या दशकात लियाओनिंगमधल्या न्यूहलियांगला होंगशान दफनं उकरली गेली, त्यांत जेड निघालं, आणि मग अभ्यासकांना हा जुना तुकडा आठवला. आज तो बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

इंग्रजी सी अक्षरासारखं वळलेलं गर्द हिरवं अंग, उंची २६ सेंटिमीटर, लांबट मिटलेलं तोंड, तिरपे ताणलेले डोळे आणि मानेवरून मागे उडालेली आयाळ. पाय नाहीत, खवले नाहीत. पाठीवर एकच भोक आहे, आणि त्यात दोरा घालून टांगलं की डोकं आणि शेपूट एका पातळीत येतात. तोल साधायचा म्हणजे भोकाची जागा आधीच नीट हेरलेली असणार. अंगावर घालायला मात्र हा तुकडा जडच. बहुधा तो विधीसाठी टांगत असावेत.

मग तो "डुकरतोंड्या ड्रॅगन" कुठला?

तोही होंगशानचाच. आखूड, जाडजूड, जवळजवळ कडीसारखा वळलेला. मोठे कान, गोल डोळे, नाकावर सुरकुत्या. न्यूहलियांगच्या एका दफनात असे दोन मृताच्या छातीवर ठेवलेले मिळाले. डुक्कर की अस्वल की नुसताच गर्भाचा आकार, यावर अभ्यासक अजून भांडतात. मला स्वतःला त्या सुरकुत्या बघून डुक्करच आठवतं, पण त्यावर पैज लावणार नाही.

ड्रॅगन म्हणजे राक्षसच ना? तो गळ्यात कशाला घालायचा?

आग ओकणारा, सोन्याच्या ढिगावर बसलेला आणि शेवटी योद्ध्याच्या हातून मरणारा, तो युरोपचा ड्रॅगन. चिनी ड्रॅगन, म्हणजे लोंग, पाण्याचा धनी आहे. तो ढगांत राहतो, पाऊस आणतो, शरदात खोल डोहात उतरतो आणि वसंतात वर येतो. त्याला मारायचं नसतं, राजी करायचं असतं. पाऊस पडावा म्हणून वारुळाला हात जोडणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

एक सावधगिरी मात्र हवी. ही वर्णनं लिखित काळातली आहेत. होंगशानच्या लोकांनी काहीच लिहून ठेवलेलं नाही, तेव्हा त्यांच्या जेडवर हान काळातली गोष्ट चिकटवणं बरोबर नाही.

ही पदकं अंगावर कुठे आणि कशी घालत?

आपल्या डोळ्यांसमोर गळ्यातलं एकटं पदक येतं, आणि गैरसमज तिथेच सुरू होतो. झोउ काळात, म्हणजे इ.स.पू. अकराव्या शतकापासून पुढे, उमरावांच्या अंगावर जेडची अख्खी माळ असायची. ह्वांग नावाची अर्धवर्तुळाकार पदकं, अक्कीक आणि इतर दगडांचे मणी, चकत्या, खाली लोंबणारे ड्रॅगन, सगळं एका दोऱ्यात ओवलेलं. शानशी प्रांतात जिन राज्याच्या सरदारांची दफनभूमी आहे. तिथल्या एका स्त्रीच्या थडग्यातून निघालेल्या माळेत २०४ नग होते, त्यातले ४५ ह्वांग. ह्वांगच्या दोन्ही टोकांना बहुतेक वेळा ड्रॅगनची तोंडं.

एवढं ओझं अंगावर घेऊन भराभर चालता येत नाही, आणि तोच हेतू होता. जितका हुद्दा मोठा तितकी माळ लांब आणि पाऊल सावकाश. हुद्दा बदलला की चाल बदलायची आणि जेडही बदलायचं, अशा अर्थाचा शब्दप्रयोगच जुन्या चिनी ग्रंथांत आहे. नग एकमेकांवर आपटून किणकिणायचे. "लीजी" या विधिग्रंथात उजव्या आणि डाव्या बाजूच्या जेडमधून कुठले सूर निघावेत तेही सांगितलंय. काही कारण असल्याखेरीज सज्जनाने जेड अंगावेगळं करू नये, हाही दंडक त्याच ग्रंथातला.

याच ग्रंथात झीगोंग हा शिष्य कन्फ्यूशिअसला विचारतो, की जेडला मान आणि तसल्याच दिसणाऱ्या साध्या दगडाला नाही, हे जेड दुर्मिळ आहे म्हणून का? कन्फ्यूशिअस म्हणतो, नाही. मग तो गुण मोजतो: स्निग्ध चमक म्हणजे दयाळूपणा, कंगोरे असून न कापणं म्हणजे न्याय, ठोकल्यावर लांब घुमून एकदम थांबणारा नाद म्हणजे संगीत. दुर्मिळतेचा मुद्दा त्याने झटकून टाकला हे आजच्या विक्रेत्यांना फारसं रुचणारं नाही.

पाहावीच अशी एखादी वस्तू सांगा.

दोन सांगतो.

पहिली हूबे प्रांतातल्या सुइझोउची. १९७८ मध्ये तिथे झंग राज्याच्या यी या सरदाराचं थडगं उकरलं, साधारण इ.स.पू. ४३३ चं. ते गाजलं ६५ काशाच्या घंटांमुळे, पण त्यात मृताच्या हनुवटीपाशी जेडची एक पट्टी होती. लांबी ४८ सेंटिमीटर, १६ खंड, अंगभर ड्रॅगन, फिनिक्स हा काल्पनिक पक्षी आणि साप. हे १६ खंड अवघ्या पाच दगडांतून काढलेत. खंडांना जोडणाऱ्या कड्यांपैकी बऱ्याच कड्या त्याच दगडातून मोकळ्या केलेल्या आहेत, वेगळ्या करून अडकवलेल्या नाहीत. पट्टीची घडी घालता येते. एखादी कडी शेवटच्या टप्प्यात तडकली असती तर सगळी मेहनत पाण्यात, आणि तरीही कारागिराने हाच मार्ग निवडला.

दुसरी ग्वांगझोउची. १९८३ मध्ये नानयुए राज्याचा राजा झाओ मो याचं थडगं सापडलं. तो वारला इ.स.पू. १२२ मध्ये. त्याच्या उजव्या डोळ्याच्या जागी १०.६ सेंटिमीटर व्यासाचं जाळीदार पदक होतं: एकात एक दोन कड्या, आतल्या कडीत ड्रॅगन. पण ड्रॅगन आत मावत नाही, त्याचे पंजे बाहेरच्या वर्तुळात गेलेत. पुढच्या पंजावर एक फिनिक्स उभा राहून मान वळवून ड्रॅगनकडे बघतोय. वर्तुळाची चौकट मोडायची आणि तरी वर्तुळ मोडू द्यायचं नाही, हे त्या कारागिराने इतकं सहज साधलंय की तिथल्या संग्रहालयाने तेच आपलं बोधचिन्ह केलं.

ड्रॅगनकडे बघून काळ ओळखता येतो का?

अंदाज बांधता येतो. झोउच्या आधीच्या शांग काळातल्या ड्रॅगनला मोठा, कोपरे ताणलेला डोळा, बाटलीच्या आकाराची शिंगं आणि अंगावर चौकटींची नक्षी असते. पश्चिम झोउ काळात, म्हणजे झोउच्या पूर्वार्धात, रेघ एका बाजूने तिरपी घासलेली दिसते, उजेड पडला की ती उठून येते. त्यानंतरच्या, "वसंत-शरद" नावाने ओळखल्या जाणाऱ्या काळात ड्रॅगनचे तुकडे करून पृष्ठभाग भरून टाकलेला, डोकं कुठलं नि शेपूट कुठली ते शोधावं लागतं. युद्धरत राज्यांच्या काळात, म्हणजे इ.स.पू. पाचव्या ते तिसऱ्या शतकात, तो एस आकारात मुरडतो, कडा धारदार होतात, अंगावर उठावदार वेलांट्या येतात. माझ्या लेखी या कलेचा कळस तोच. हान काळात मांजरासारख्या लवचीक अंगाचा, शिंग नसलेला ची-ड्रॅगन येतो.

पण नुसत्या शैलीवर विसंबू नये, कारण जुनं जेड त्या काळातही जुनं म्हणून जपलं जायचं. आन्यांगला १९७६ मध्ये सापडलेलं राणी फू हाओचं थडगं साधारण इ.स.पू. १२०० चं. ते लुटलं गेलेलं नव्हतं, त्यामुळे त्यातले ७५५ जेडचे नग जागच्या जागी मिळाले. त्यांत काही नग तिच्याही हजार-दीड हजार वर्षं आधीचे आहेत.

पंजाला किती नखं असली की तो बादशाही ड्रॅगन?

पाच. पण हा नियम फार पुढचा, युआन आणि मिंग काळातला, म्हणजे तेराव्या शतकानंतरचा. प्राचीन पदकांवर नखं मोजत बसू नका.

एवढं मोलाचं जेड थडग्यात का पुरत?

जेड देह कुजू देत नाही अशी श्रद्धा होती. हान काळात ती टोकाला गेली. १९६८ मध्ये हबे प्रांतात मानचंग इथे राजपुत्र लिऊ शंगचं थडगं सापडलं. त्याला जेडचे २,४९८ तुकडे सोन्याच्या तारेने शिवून केलेला पोशाख घातला होता. देह काही टिकला नाही. पोशाख टिकला.

ऑनलाइन "प्राचीन हान ड्रॅगन पेंडंट" घेतलं. खरं आहे का?

जवळजवळ नक्कीच नाही. काही हजारांत मिळणारं हान जेड हा प्रकारच अस्तित्वात नाही. ते निदान नेफ्राइट तरी आहे का, एवढं मात्र घरी तपासता येतं. चाकूने ओरखडे काढून बघू नका, वजन करा.

सराफाकडे असतो तसला बारीक काटा हवा. आधी नग कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा आणि नग दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल असा धरा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. आता काटा दाखवेल तो आकडा म्हणजे नगाने सारलेल्या पाण्याचं वजन. कोरड्या वजनाला त्याने भागा. समजा नग ५९ ग्रॅम आणि पाण्यातला आकडा २० आला, तर भागाकार २.९५. हे नेफ्राइटचं माप. जेडाइट ३.३ च्या आसपास जातं. २.६५ आलं तर गार किंवा तिचा एखादा भाऊबंद, त्यात "इंडियन जेड" म्हणून खपवलं जाणारं हिरवं अॅव्हेंच्युरिनही आलं. २.५ ते २.६ आलं तर सर्पेंटाइन किंवा काच, आणि काचेत भिंगातून बुडबुडे दिसतात. नगात धातू किंवा दुसरा मणी गुंफलेला असेल तर हा हिशेब चुकतो.

आकडा २.९५ आला तरी उड्या मारू नका. दगड खरा ठरला, वय नाही. नवं नेफ्राइट आजही निघतं आणि आजही घासलं जातं.

नकला कधीपासून होतायत?

सोंग काळापासून, म्हणजे हजारएक वर्षं. तेव्हाच्या विद्वानांना प्राचीन वस्तू जमवायचा नाद लागला आणि कारागीर जुन्या धाटणीचं जेड घडवू लागले. त्यातल्या साऱ्यांना फसवणूक म्हणणं अन्यायाचं होईल, बरीचशी पूर्वजांना दिलेली दाद होती. अठराव्या शतकातला छिंग घराण्याचा बादशहा छ्यानलोंग जुन्या जेडचा इतका वेडा, की आवडलेल्या नगांवर स्वतःच्या कविता कोरून घ्यायचा. जुनेपणा आणायच्या युक्त्या मात्र साध्या: आगीत भाजलं की नेफ्राइट हाडासारखं पांढरं पडतं, रंगात मुरवलं की भेगा तपकिरी होतात. जमिनीत मुरलेला डाग एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी असतो. सगळ्या खोबणींत सारखाच तपकिरी रंग बसलेला दिसला, की शंका घ्यावी.

घातलं तर लाभतं का? कुठल्या दिशेला टांगावं?

आवडलं तर घाला. दिशेचा आणि पदकाचा संबंध विक्रेत्याच्या पत्रकात आहे, थडग्यांत नाही.

भारतात या परंपरेचा धागा कुठे दिसतो का?

दिसतो, आणि तोही ऑलिंपिकमध्ये. २००८ च्या बीजिंग पदकांच्या मागच्या बाजूला जेडची कडी बसवली होती: सुवर्णाला पांढरं जेड, रौप्याला फिकट हिरवं, कांस्याला हिरवं. फीत ओवायची वरची खुंटी दोन ड्रॅगनतोंडांच्या ह्वांगवरून घेतलेली. त्यामुळे अभिनव बिंद्राच्या सुवर्णपदकावर आणि सुशील कुमार व विजेंदर सिंग यांच्या कांस्यपदकांवर हे जेड आहे.

प्रत्यक्ष कुठे बघता येईल?

उत्खननातलं जेड बघायचं तर चीनच: बीजिंग, वुहान, ग्वांगझोउ. तैपेईचं राष्ट्रीय राजवाडा संग्रहालय आणि लंडनचं ब्रिटिश म्युझियमही समृद्ध आहेत. कॅन्सस सिटीच्या नेल्सन-अॅटकिन्स संग्रहालयात ड्रॅगन लावलेली झोउ काळातली चकती आहे, तिकडे राहणाऱ्यांनी चुकवू नये. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातल्या चिनी वस्तू आहेत. हैदराबादच्या सालारजंगमधलं जेड मुख्यतः मुघल, पण दगड तोच, तेव्हा बघून यावंच.

आजोबांच्या पेटीत जेडचा जुना चिनी ड्रॅगन सापडलाय. काय करू?

एकोणिसाव्या शतकात मुंबईचा चीनशी मोठा व्यापार होता, आणि त्या वाटेने चिनी वस्तू इथल्या घरांत आल्या. तेव्हा तुमचा नग चिनी असणं शक्य आहे. तो बहुधा छिंग काळातला किंवा त्यानंतरचा निघेल.

धुऊ नका, तेल लावू नका, दोरा जुना असेल तर तोडू नका. भोकासकट सगळ्या बाजूंचे फोटो काढा, बिल, पत्र, पेटीवरचं नाव असं जे काही सोबत असेल ते एकत्र ठेवा. मग संग्रहालयातल्या जाणकाराला दाखवा. आपल्याकडच्या १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावशेष ठरते, आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या मुलाला पाठवायचा बेत असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे चौकशी करा. उलट बाजूने, चीनमधून १९११ पूर्वीचं काही विकत आणायचा विचार असेल तर तोही सोडा: तिथून अशा वस्तू बाहेर काढायला साधारणपणे बंदी आहे, आणि विक्रेत्याने दिलेला अस्सलपणाचा दाखला सीमाशुल्क अधिकाऱ्यापुढे उपयोगाचा नाही.